पॉलिशचे सात हात

"आत आणू नकोस ते," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "ओट्यावरच ठेव. काय वास मारतोय त्याला!"

शांतवन आत आला नाही. गोणपाटात गुंडाळलेलं ओझं त्यानं ओट्यावर टेकवलं आणि स्वतः पायरीवर बसला. चर्च आमच्या घरापासून पाच मिनिटांवर, पण तेवढ्या चालण्यानंही त्याला धाप लागली होती. दम परत आल्यावर त्यानं तोंडावर बांधलेला रुमाल नीट केला आणि मला म्हणाला, "ताई, उघड."

मी सुतळी सोडली. आत पप्पांची गिटार होती.

पप्पा गेल्यावर आईनं ती चर्चला देऊन टाकली होती. चर्चच्या मागच्या खोलीतल्या कपाटावर ती आठ-नऊ वर्षं पडून होती आणि त्या खोलीचं छत गळकं होतं. पुढची फळी फुगून वर आली होती. पाठीला मधोमध भेग. मान हातात धरली की पोटापाशी खिळखिळ हलायची. तारा एकही नाही. मी भोकातून बोटं आत घातली तर पांढरी बुरशी हाताला लागली.

"पाळकसाहेबांनी भंगारात काढली होती," शांतवन म्हणाला. "म्हटलं, द्या इकडं. तू दुरुस्त करशील?"

"मी?"

मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. नगरमध्ये मुलींच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. लाकूडकामाचा नाद होता, तोही घरापुरता. फळ्या, खेळणी, आईचा पाट. वाद्याला कधी हात लावला नव्हता.

"पुण्याला देऊ या," मी म्हणाले. "तिथं करणारे लोक आहेत."

"ते सहा-सहा महिने ठेवून घेतात. मला महिन्याभरात हवीय."

"एवढी कसली घाई? वर्षभर तर घरातच बसायचंय तुला."

"बसायचंय म्हणूनच," तो म्हणाला. मग जरा थांबून, "करशील ना, ताई?"

"करीन," मी म्हणाले. "महिन्यात करून देते."

ही चौदा वर्षांपूर्वीची, फेब्रुवारीतली गोष्ट.

शांतवन माझा धाकटा भाऊ. सत्तावीस वर्षांचा. लग्नांत, वर्धापनदिनांत वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात तो गिटार वाजवायचा आणि रविवारी चर्चच्या गायकवृंदाला साथ करायचा. त्याला शिकवलं पप्पांनी, पण त्याच्यासारखा कान पप्पांनाही नव्हता. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर वळली की ती कुणाची, हे तो घरात बसून सांगायचा. प्रार्थना चालू असताना माझ्या कानाशी लागून म्हणायचा, "पियानोची तिसरी पट्टी उतरलीय, कुणालाच कळत नाहीये." मला तर पहिली आणि तिसरी यांतलाही फरक कळायचा नाही.

त्या हिवाळ्यात त्याला क्षयरोग निघाला. साध्या गोळ्यांना दाद न देणारा. रोज सकाळी दवाखान्यात जाऊन एक इंजेक्शन, सहा महिने. गोळ्या दोन वर्षं. ऑर्केस्ट्रावाल्यांनी त्यांची इलेक्ट्रिक गिटार परत नेली आणि फोन करायचं बंद केलं. आईनं शेजाऱ्यांना न्यूमोनिया सांगितला. शांतवनचं ताट, पेला, अंथरूण मागच्या खोलीत वेगळं झालं. दवाखान्यात तो एकटाच जायचा. मी येते म्हटलं की म्हणायचा, "तू शाळेत जा. तुझ्या पोरींना हत्तीला पाय किती ते शिकव."

मागच्या अंगणात पत्र्याखाली मी कामाला बसले. लाकडाचा भुसा त्याच्या छातीला बरा नव्हता, म्हणून तो खोलीतच खिडकीशी खुर्ची टाकून बसायचा आणि गजांतून बघायचा.

सगळ्यात आधी मी कापडबाजाराजवळच्या रज्जाकभाईंकडं गेले. पेटी दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. गिटार त्यांनी मांडीवर घेऊन सगळीकडून टिचक्या मारून पाहिली.

"जीव आहे अजून," ते म्हणाले. "पण बाई, फेविकॉल लावू नका हां. सरस लावा, गरम करून. पुढंमागं कुणाला खोलावी लागली तर खोलता यायला पाहिजे."

"आणि पॉलिश?"

"लाखेचं. एक हात, फार तर दोन. पलंग नाही हा. पॉलिश जाड झालं की आवाज गुदमरतो."

मी सगळं वहीत लिहून घेतलं. सरस आणला, तो पाण्याच्या पातेल्यात ठेवून पातळ करायला शिकले. आईच्या पातळ सुरीचं पातं गरम करून मान पोटापासून सोडवली. भोकातून हात घालून, आरसा धरून, पाठीच्या भेगेवर आतल्या बाजूनं लाकडाच्या चिमुकल्या पट्ट्या बसवल्या. चिकटवलेलं दाबून धरायला एवढे शिकंजे कुठून आणणार? मग सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून त्यांच्या पट्ट्यांनी सगळी गिटार करकचून बांधली. खिडकीतून शांतवन म्हणाला, "अपघात वॉर्डातला पेशंट दिसतोय." त्या दिवशी आम्ही दोघं खूप हसलो. हसता हसता त्याला खोकला आला, तेव्हा आईनं दोघांनाही दटावलं.

महिना झाला, दीड महिना झाला. शाळा सांभाळून मला रविवारच मिळायचा. पण खरं सांगायचं तर उशीर तेवढ्यानं झाला नाही. त्या कामात माझा जीव गुंतला. काळपट थराखाली पाठीचं लाकूड निघालं, ते मधासारखं होतं आणि त्यात लाटा होत्या. पप्पांच्या हातात ही गिटार अशी दिसायची, हे मी विसरूनच गेले होते. मला ती तशीच्या तशी हवी होती. मोडक्या शिसवी खुर्चीच्या पायातून मी नवा ब्रिज कोरला, म्हणजे फळीवरची ती पट्टी, जिच्यात तारा अडकतात. घासून घासून माझी नखं गेली. माझ्या हातून इतकं देखणं काही कधी झालं नव्हतं, पुढंही झालं नाही.

मे महिन्याची सुट्टी लागली. त्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी ब्रिज चिकटून पक्का झाला होता, मानही बसली होती. चर्चहून आल्यावर मी ट्यूबा सोडल्या. शांतवन खिडकीतून उठून दारात आला. तो खूप वाळला होता.

"झाली?"

"कुठली झाली! हे बघ, ब्रिज अर्धं सूत तिरका बसलाय. आणि फळीवर डाग किती आहेत."

"पण तारा लावल्या तर वाजेल ना?"

"वाजेल. पण ब्रिज मी परत काढणारेय."

"मग काढायच्या आधी लाव." तो चौकटीला धरून उभा होता. "तारा आणून ठेवल्यात मी. फक्त आजच्या दिवस, ताई. एकदा वाजवतो. मग तू उद्या सगळं पुन्हा खोल."

"आणि ताणानं फळी पुन्हा उचलली म्हणजे? तीन महिने केलेलं पाण्यात?"

"नाही उचलणार."

"तुला काय माहीत? अर्धवट काम मला जमत नाही, शांतू. आजवर थांबलास, आता चार आठवडे थांब. पप्पांच्या हातात दिसायची तशीच्या तशी करून देते."

"मला दिसायला कशीही चालेल गं."

"मला नाही चालणार," मी म्हणाले.

मला वाटलं, अजून हट्ट करील. लहानपणी तो फार हट्टी होता. पण तो म्हणाला, "बरं," आणि खोलीत गेला. मी पातं गरम करायला ठेवलं.

त्यानंतर तो खिडकीशी कमी बसायला लागला. मी अंगणातून हाक मारली तरी ओ द्यायचा नाही. आई चर्चच्या महिला मंडळाला जाताना त्याला सांगून गेली, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर. ती परत आली तर डाळ करपून घरभर धूर, आणि हा शेजारच्या खोलीत पुस्तक वाचत बसलेला.

"लक्ष कुठं असतं रे तुझं?" आई चिडली.

"विसरलो," तो म्हणाला.

मला वाटलं, रुसलाय. गिटारीवरून माझ्यावर रुसलाय. मनात म्हटलं, रुसू दे. हातात पडली की कळी खुलेल.

ब्रिज मी पुन्हा काढून सरळ बसवला. मग पॉलिश. रज्जाकभाई दोन हात म्हणाले होते. दोन हातांनंतर ती चांगली दिसत होती. तिसऱ्यानंतर आणखी चांगली. प्रत्येक हात वाळू द्यायचा, पॉलिश पेपरनं हलका घासायचा, पुसायचा, मग पुढचा. असे मी सात हात दिले. शाळा पुन्हा सुरू झाली. जून संपला.

जुलैच्या पहिल्या रविवारी दुपारी मी तारा चढवल्या. खुंट्या भीतभीत पिळल्या, तार सैल लोंबू नये इतपतच. सूर लावणं माझं काम नव्हतं. ते मला येतच नव्हतं. गिटार मी स्वच्छ पंचानं पुसली आणि पुढच्या खोलीत नेली. शांतवन कॉटवर बसला होता. तोवर त्याच्या थुंकीचे रिपोर्ट चांगले यायला लागले होते, रुमाल सुटला होता, गालांवर थोडं मांस चढलं होतं.

त्यानं गिटार हातात घेतली. पाठीवरून हात फिरवला.

"सूर तू लाव बाबा," खिडकीचा पडदा सारता सारता मी म्हणाले. "मी नुसत्या चढवल्यात."

त्यानं उत्तर दिलं नाही. मी वळून पाहिलं तर तो गिटारीवर कान टेकवून एकेक खुंटी फिरवत होता. हलकेच, थोडीथोडी, पूर्वी करायचा तसंच. डोळे मिटलेले. मग मान हलवून सरळ बसला आणि वाजवायला लागला.

पप्पांचं आवडतं गीत होतं ते. बोटांवरून मी ओळखलं. पप्पांची बोटं त्या गीताला अशीच चालायची. पण जो आवाज येत होता, त्याला काय म्हणावं मला कळेना. सहाही तारा सहा दिशांना. पत्र्याच्या डब्यात कुणी सुटे खिळे हलवावेत तसं. मला सुरातलं काही कळत नाही, पण मलासुद्धा ते ऐकवेना.

आई पीठभरल्या हातांनी बाहेर आली. क्षणभर बघत राहिली आणि हसायला लागली. लहानपणी शांतवन पप्पांच्या शाळेतल्या बँडमास्तरांची नक्कल करायचा, मुद्दाम बेसूर पेटी वाजवून. तिला वाटलं, आज किती दिवसांनी पोरगा चेष्टेच्या मूडमध्ये आलाय.

"पुरे रे," ती हसत हसत म्हणाली. "पुरे, माझ्या बाबा! कान किटले!"

शांतवननं तिच्या हसऱ्या तोंडाकडं पाहिलं आणि तोही हसला. आनंदानं. त्यानं दुसरं कडवं घेतलं आणि सोबत गायलाही लागला. त्याचा आवाज आणि गिटार यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

मी पुढं झाले आणि तारांवर पंजा ठेवला.

"काय झालं?" त्यानं विचारलं. मोठ्यानं, गरजेपेक्षा फार मोठ्यानं.

माझा दुसरा हात तोंडावर गेला होता. मी काहीतरी बोलले. काय ते आज आठवत नाही. त्याचं नाव असेल.

तो माझ्याकडं बघत होता, डोळ्यांत नव्हे, खाली. "हात काढ, ताई," तो म्हणाला. "तोंडावरचा हात काढ. तू काय बोलतेस ते दिसत नाही."

आईचं हसू तसंच चेहऱ्यावर राहून गेलं.

मी हात काढला. "तुला ऐकू येत नाही," मी म्हणाले.

त्यानं गिटार कॉटवर ठेवली. "सुरात लागली नव्हती का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"अजिबात?"

मी पुन्हा मान हलवली.

"मला वाटलं, बोटांनी ताण कळेल," तो म्हणाला. "खालचा आवाज येतो थोडा. घुमल्यासारखा. बाकी मला पाठ आहे ना, म्हणून…" तो थांबला. "माझ्या डोक्यात सगळं बरोबर वाजत होतं."

मग त्यानं सांगितलं. इंजेक्शन सुरू करायच्या दिवशीच डॉक्टर म्हणाले होते की ह्या औषधानं काही जणांचे कान जातात. गेले की परत येत नाहीत. पण इंजेक्शन घेतलं नाही तर छातीचं काही सांगता येणार नाही. त्यानं कागदावर सही केली आणि पहिलं इंजेक्शन घेतलं. तिथून तो थेट चर्चमध्ये गेला आणि कपाटावरची गिटार खाली काढली.

मार्चमध्ये कानात शिट्टी वाजायला लागली. एप्रिलमध्ये चिमण्या ऐकू येईनाशा झाल्या. मग कुकर, फोन, दाराची कडी. जूनमध्ये आमचे आवाज.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. तो माझ्या ओठांकडं बघत होता म्हणून मी सावकाश विचारलं. "नुसतं सांगायचंस, शांतू. मी एका आठवड्यात…"

"तू आईला सांगितलं असतंस. आईनं इंजेक्शन घेऊ दिलं नसतं." तो आईकडं न बघता बोलत होता. "आणि मला मरायचं नव्हतं, ताई."

आई भिंतीला टेकून खाली बसली. तिच्या हातावरचं पीठ वाळून गेलं होतं.

"मेमध्ये…" मी म्हणाले.

"मेमध्ये येत होतं," तो म्हणाला. मला लावून बोलला नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून त्याच्याबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी उरलेली इंजेक्शनं थांबवली, कानाच्या मोठ्या डॉक्टरांकडं पाठवलं. मशीन लावून पाहिलं. त्यात त्याला नुसती खरखर यायची, डोकं दुखायचं. शेवटी त्यानं ते काढून ठेवलं. छाती मात्र बरी झाली. पूर्ण बरी झाली. आज तो एका छापखान्यात मुद्रितं तपासतो, लग्न झालंय, मुलगी शाळेत जाते. त्याची बायको बोलताना कधीही त्याच्याकडं पाठ करत नाही.

त्या मेमधल्या रविवारचा विषय पुन्हा त्यानं काढला नाही. मीही काढला नाही. मी किती तरी वेळा मनात तो दिवस पुन्हा जगले आहे. तारा लावायला अर्धा तास लागला असता.

त्याच वर्षी नाताळच्या आधी शांतवननं गिटार चर्चला परत दिली. गायकवृंदात कृपा वैरागर नावाची कॉलेजातली एक मुलगी होती, ती वाजवणार होती. नाताळच्या सकाळच्या उपासनेला तो येणार नाही असं मला वाटलं होतं. पण तो इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याआधी तयार होता. आम्ही चौथ्या बाकावर बसलो. आई, मग मी, मग तो.

कृपानं गिटार मांडीवर घेतली. घेताना खिडकीतलं ऊन क्षणभर गिटारीच्या पाठीच्या लाकडावर पडलं आणि त्यातल्या लाटा हलल्यासारख्या दिसल्या. पुढच्या बाकावरच्या कुणीतरी मान वळवून माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. मग कृपानं सुरुवात केली.

दुरुस्तीनंतर सुरात लागलेली ती गिटार मी पहिल्यांदाच ऐकत होते. रज्जाकभाई म्हणाले होते तसं काही झालं नव्हतं, आवाज गुदमरला नव्हता. मोकळा होता. लोक गायचे थांबून ऐकत होते. आईनं पदर डोळ्यांना लावला.

शांतवननं माझ्या दंडाला स्पर्श केला. मी त्याच्याकडं वळले.

"कसा आहे?" त्यानं विचारलं. आवाज खाली ठेवायचा त्याचा प्रयत्न होता, पण दोन-तीन बाकांना ऐकू गेलं.

"चांगला आहे," मी म्हणाले.

"चांगला म्हणजे?"

तो माझ्या ओठांकडं बघत राहिला. चित्रकलेच्या तासाला मी मुलींना निळ्या रंगाच्या वीस छटा सांगायचे. इथं मला एक शब्द सापडेना. मी तोंड उघडलं, मिटलं. गोड म्हणू? भरीव म्हणू? पप्पांसारखा म्हणू? त्याला जे हवं होतं ते यातलं काहीच नव्हतं. कृपा दुसऱ्या कडव्यावर गेली होती. त्यानं आणखी थोडा वेळ वाट पाहिली.

मग त्यानं माझा हात थोपटला.

"राहू दे, ताई," तो म्हणाला. "तू ऐक."

आणि तो पुढं वळून कृपाची बोटं बघायला लागला.